म्यूसलीतला बेदाणा, पावसाळा आणि वाटीमागचा खरा खर्च

तयार म्यूसलीच्या (ओट्स, फ्लेक्स आणि सुक्या मेव्याच्या मिश्रणाच्या) पाकिटात बेदाणा असूच नये. कॉर्नफ्लेक्स, ओट्स, म्यूसली आणि पोहे उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत आलटून-पालटून वापरल्यावर झालेलं हे सगळ्यात ठाम मत आहे. किंमत, साखर, चव यांवर पुढे बोलतो, पण पैसे वाया जाण्याचं मोठं कारण मला या बेदाण्यातच सापडलं.

बेदाण्यात पाणी साधारण १५ टक्के असतं, कुरकुरीत फ्लेक्समध्ये ३ ते ५ टक्के. दोन्ही एका पिशवीत महिनाभर राहिले की बेदाण्यातलं पाणी हळूहळू फ्लेक्समध्ये जातं. बेदाणा दगडासारखा होतो आणि फ्लेक्स वातड. कारखान्यात हे रोखायला बेदाणे जास्त वाळवतात किंवा त्यांना तेलाचा हात देतात, पण पाकीट फोडल्यावर बाहेरची दमट हवाही त्यात भर घालते. नुसते कॉर्नफ्लेक्स सादळले तर कढईत परतून पुन्हा कुरकुरीत करता येतात. म्यूसली परतायला घेतली की फ्लेक्स सुकायच्या आत बेदाणे फुगतात, करपतात आणि सगळी कढई कडवट होते. म्हणजे सगळ्यात महाग पाकीट एकदा सादळलं की ते वाचवायची सोयच उरत नाही. एकेक बेदाणा वेचून काढायचा, एवढाच उपाय.

वर त्या बेदाण्याची किंमत बघा. म्यूसली किलोला ६०० रुपयांच्या आसपास पडते. घटकांच्या यादीत बेदाण्यापुढे कंसात टक्केवारी असते, ती वाचा. १२ टक्के असेल तर ५०० ग्रॅमच्या पाकिटात ६० ग्रॅम बेदाणे, म्हणजे ३६ रुपये. तासगाव-सांगलीचा चांगला बेदाणा ४०० रुपये किलो धरला तरी तेवढ्याच बेदाण्याचे २४ होतात. शिवाय ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या म्यूसलीतही एकूण साखरेचा आकडा मोठा दिसतो, तो बऱ्याच अंशी याच सुक्या फळांमुळे.

आता हिशोबाकडे. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात एककाची किंमत छापलेली असते. एक किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रति ग्रॅम, जास्त वजनाच्या पाकिटावर प्रति किलो. त्यामुळे ८७५ ग्रॅमचं पाकीट आणि सव्वा किलोचं पाकीट शेजारी ठेवून थेट तुलना होत नाही. ग्रॅमच्या आकड्याला १००० ने गुणा, मग बघा. हा आकडा एमआरपीवरचा असतो, दुकानातल्या सवलतीचा नाही. कॉर्नफ्लेक्स आणि म्यूसलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या किमती डोक्यात ठेवून स्वस्त-महाग ठरवू नका.

पण किलोचा दर अर्धीच गोष्ट सांगतो. खरा प्रश्न वाटीत किती जातं हा आहे. ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्सने वाटी भरते, ३० ग्रॅम म्यूसली वाटीच्या तळाला बसते. त्यामुळे पाकिटावर ‘३० ग्रॅम सर्व्हिंग’ छापलेलं असलं तरी माणूस म्यूसली ६० ग्रॅम घेतोच. एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या आणि त्या मापाची वाटी कायमची ठरवा. साधारण दरांनी मोठ्या पाकिटातले ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्स ११-१२ रुपये, ६० ग्रॅम म्यूसली ३६, ४० ग्रॅम साधे ओट्स ७-८ आणि ४० ग्रॅम पातळ पोहे अडीच-तीन रुपये.

यात दूध धरलेलं नाही आणि तिथेच कॉर्नफ्लेक्स मार खातात. त्यांना २०० मिली टोन्ड दूध लागतं, म्हणजे आणखी १२ रुपये. ओट्स १५० मिली पाण्यात शिजवून शेवटी १०० मिली दूध घातलं तरी चालतं. कॉर्नफ्लेक्सच्या वाटीत धान्याइतकाच दुधाचाही खर्च होतो, आणि प्रथिनं बहुतेक दुधातूनच येतात: फ्लेक्समधून जेमतेम २ ग्रॅम, दुधातून ६. ४० ग्रॅम ओट्स एकटेच ५ ग्रॅमच्या आसपास देतात, वर भरपूर तंतू. कॉर्नफ्लेक्स खाल्ल्यावर अकराला पुन्हा भूक लागते ती म्हणूनच.

उन्हाळ्यात माझं मत सरळ होतं: सगळ्यात मोठं पाकीट घ्या, ग्रॅममागे तेच स्वस्त. कोरड्या हवेत ते आजही खरं आहे आणि सोलापूर-लातूरकडे बऱ्यापैकी वर्षभर चालेल. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर मात्र ते मत टिकत नाही. मोठं पाकीट रोज उघडलं की दर वेळी दमट हवा आत जाते, पंधरवड्यात फ्लेक्स वातड होतात आणि वाचवलेले पैसे शेवटच्या पाव किलोबरोबर जातात. पावसाळ्यात १५ दिवसांत संपेल एवढंच पाकीट घ्या, मग ग्रॅममागे दहा टक्के जास्त गेले तरी चालेल.

मोठं घ्यायचंच असेल तर आतली पिशवी हाताने ओढून फाडू नका. ती उभी फाटते आणि मग बंद होत नाही. कात्रीने वरची कड कापा, आठवड्याचं छोट्या बरणीत काढा, उरलेल्या पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड दुमडून चिमटा लावा आणि पिशवीसकट रबरी कड असलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. साध्या स्टीलच्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं. झिपच्या पाऊचवर तर अजिबात विसंबू नका, खाचेत भुगा अडकला की झिप वरून लागलेली दिसते आणि मधून उघडी असते. खाच आधी कोरड्या फडक्याने पुसा.

सादळलेले साधे फ्लेक्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ५-६ मिनिटं परता. गरम असताना ते मऊच लागतात, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो, त्यामुळे आणखी परतत बसू नका. ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, नाहीतर आत वाफ धरून पुन्हा तेच. मध किंवा चॉकलेटचं आवरण असलेले फ्लेक्स असे परतू नका, साखर वितळून गोळे होतात. त्यांत तशीही १०० ग्रॅममागे २५-३० ग्रॅम साखर असते. मुलं हटून बसली तर ते निम्मे आणि साधे निम्मे मिसळा.

म्यूसलीची चव हवीच असेल तर घरी करा. ५०० ग्रॅम रोल्ड (जाड पाकळीचे) ओट्स मंद आचेवर ८-१० मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजा. १५० ग्रॅम शेंगदाणे भाजून, सोलून, पाकळ्या करा. ५० ग्रॅम तीळ भाजा. ५० ग्रॅम जवस भाजून जाडसर कुटा, अख्खं ठेवलं तर पचत नाही. सगळं गार झाल्यावर २०० ग्रॅम साधे कॉर्नफ्लेक्स मिसळा. ९५० ग्रॅमला साधारण २०७ रुपये, म्हणजे ६० ग्रॅमची वाटी १३ रुपयांत. बेदाणा वेगळ्या बरणीत ठेवा आणि ऐन वेळी ८-१० दाणे वाटीत टाका. कुटलेलं जवस लवकर खवट होतं, तेव्हा तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिश्रण करा.

ओट्स घेताना रोल्ड घ्या. इन्स्टंटची पाकळी पातळ असते, दोन मिनिटांत तिची खळ होते आणि भाजायला घेतली तर पीठ सुटतं. मसाला ओट्सची छोटी पाकिटं ग्रॅममागे साध्याच्या दुपटीहून महाग पडतात आणि त्यांत मीठही बरंच असतं. कांदा, टोमॅटो, हळद, गोडा मसाला घरात असताना ती घ्यायचं कारण मला दिसत नाही.

किराणा दुकानात ८०-१०० रुपये किलोने मिळणारे मक्याचे पोहे हे स्वस्त कॉर्नफ्लेक्स नव्हेत. ते चिवड्यासाठी गरम तेलात तळायचे असतात. दुधात घातले तर दाताखाली खडे येतात आणि भिजून वातड होतात, कुरकुरीत होत नाहीत.

सगळ्यात कमी खर्चात कुरकुरीत वाटी हवी असेल तर पातळ पोहे चाळून मंद आचेवर ७-८ मिनिटं, चुरगळले की मोडतील इतके भाजा. आठवड्याचे एकदम भाजून ठेवता येतात. दूध खायच्या क्षणीच घाला. गूळ घालणार असाल तर दूध कोमट झाल्यावर घाला, उकळत्या दुधात गुळाने दूध फाटू शकतं.