नवे ग्राफिक्स कार्ड आणि जुना प्रोग्राम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पानांच्या मांडणीसाठी मी रोज वापरतो तो प्रोग्राम जुन्या संगणकावर कधीही अडला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी मी ग्राफिक्स कार्ड बदलले, १९२० × १०८० च्या जागी ३८४० × २१६० चा मॉनिटर जोडला आणि पहिल्याच दिवसापासून बंद केलेल्या मेनूच्या जागी काळे चौकोन उरू लागले, अक्षरे पुसट दिसू लागली आणि मधूनच सगळा पडदा क्षणभर काळा होऊ लागला. ही एकाच दोषाची लक्षणे आहेत असे धरून मी दोन आठवडे प्रोग्राम काढून पुन्हा टाकत राहिलो. मूळ चूक तीच होती. दोष तीन होते आणि तिन्हींची कारणे वेगळी होती.

काळ्या चौकोनाचा स्क्रीनशॉट दुसऱ्या संगणकावर उघडला, तर चौकोन तिथेही होता. स्क्रीनशॉट केबलमधून जाण्याआधीच्या चित्राचा असतो, त्यामुळे मॉनिटर आणि केबल निर्दोष ठरले. हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स कार्डवर सोपवण्याची सोय) बंद करताच चौकोन गेले, पण मोठी छायाचित्रे असलेले पान सरकवताना प्रोग्राम रखडू लागला, म्हणून हा उपाय मी निदानापुरताच मानतो. जुने कार्ड वेगळ्या कंपनीचे होते आणि त्याचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) संगणकात तसेच उरले होते. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू करून) ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुने ड्रायव्हर मुळापासून काढले, नवा ड्रायव्हर टाकला आणि ॲक्सिलरेशन पुन्हा चालू केले, त्यानंतर चौकोन दिसलेले नाहीत.

पुसट अक्षरांचा त्रास मला सर्वांत जास्त झाला, कारण ‘वर्षांत’ या शब्दातला रफार आणि अनुस्वार मिसळून एकच डाग दिसायचा आणि मुद्रितशोधनात नेमके तेच निसटायचे. विंडोजचे स्केलिंग, म्हणजे अक्षरे आणि बटणे मोठी करून दाखवण्याचे प्रमाण, १५० टक्के होते. जुना प्रोग्राम मात्र ९६ डीपीआय (दर इंचाला ९६ ठिपके, म्हणजे १०० टक्के स्केलिंग) गृहीत धरून चित्र काढत होता आणि विंडोज तेच चित्र ताणून दाखवत होती. प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमधील कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये हाय डीपीआय स्केलिंग ‘ॲप्लिकेशन’वर ठेवताच अक्षरे रेखीव झाली. टूलबारची बटणे बारीक झाली खरी, पण त्यांची सवय होते. पुसट अक्षरांची होत नाही आणि होऊही नये.

पडदा काळा होणे प्रोग्राम बंद असतानाही घडायचे आणि रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो वेग) ६० वरून ३० हर्ट्झवर आणला की थांबायचे. ३८४० × २१६० या रिझोल्यूशनला ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय (मॉनिटर जोडण्याची पद्धत) २.० ची क्षमता लागते, १.४ ची मर्यादा ३० हर्ट्झची आहे, आणि मी जुनीच केबल वापरत होतो. ती बदलताच प्रश्न मिटला.

आता एवढेच उरले आहे, की संगणक स्लीपमधून उठल्यावर कधीतरी पानाची जागा कोरी दिसते. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा एकदा लुकलुकतो आणि पान होते तसे परत येते.