साडेतेवीस वर्षांचं व्हिटॅमिन मी ८६ दिवसांत खाल्लं

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बी.एस्सी. अ‍ॅग्री केलंय, घरची १४ हजार खोड केळी आहे. माती परीक्षणाचा कागद हातात आल्याशिवाय झिंक सल्फेटची एक पिशवी रानात फोडू देत नाही. तरी फसलो. ४०,०७८ रुपये शिबिर भरवून व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्यांना दिले आणि ३१,२६० दवाखान्याला. घरात विषय निघाला की मी उठून गोठ्यात जातो. आज लिहायला बसलो कारण काल रावेरहून येताना तसल्याच शिबिराचा बॅनर दिसला.

प्रकार तुम्हाला माहीत असेलच. मंगल कार्यालय, ‘संपूर्ण शरीर तपासणी फक्त ९९ रुपयांत’, हातात धरायची धातूची दांडी, लॅपटॉप आणि मिनिटाभरात ३२ पानांचा रिपोर्ट. रक्त नाही, लघवी नाही. मग टायवाल्याचं भाषण, मग चहा, मग व्हिटॅमिनच्या बाटल्यांचं किट.

मला तिथं नेलं ते गुरुजींनी. आठवीत गणित शिकवायचे, आता रिटायर. ‘बापू, मी सोता घेतो रे,’ म्हणत त्यांनी माझ्या ओट्यावर दहा उठाबशा काढून दाखवल्या. ज्या माणसानं मला वर्गात उठाबशा काढायला लावल्या, तो माझ्यासमोर उठाबशा काढतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? तुम्ही म्हटलं असतं का?

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. माझ्यानंतर बायको तपासायला बसली. तिचा रिपोर्ट निघाला आणि नवव्या पानावर लिहिलेलं, प्रोस्टेटला सूज. पुरुषांची ग्रंथी ती, बाईला प्रोस्टेट! मी हसलो, ती लाजली. ऑपरेटर पोरगा म्हणाला, ‘सॉरी काका, मेल-फीमेलमध्ये मेल राहून गेलं.’ दोन बटणं दाबली आणि नवा रिपोर्ट काढून दिला. त्यात आता गर्भाशयाची पानं होती, व्हिटॅमिन डी ‘अतिशय कमी’ आणि बी ट्वेल्व ‘धोक्याच्या पातळीवर’. आणि दांडी? दांडी टेबलावर पडलेली होती. बायकोचे दोन्ही हात पदराखाली. मी बघितलं. डोळ्यांनी बघितलं. परत येताना गाडीवर ती मागून म्हणालीसुद्धा, ‘अहो, दुसऱ्यांदा तर मी त्याला हातच लावला नाही.’ मी काय म्हणालो? ‘मशीनमध्ये मेमरी असते, तुला नाही कळणार.’

तिला नाही कळणार!

असो. टायवाल्याचं भाषण मात्र तयार होतं. दोन नोबेल मिळालेला लायनस पॉलिंग रोज व्हिटॅमिन सीचे मोठमोठे डोस घ्यायचा आणि ९३ वर्षं जगला, असं त्यानं ठोकून दिलं. खोटं एक अक्षर नाही, फसवायची रीत हीच. पॉलिंगचं १९५४चं नोबेल रसायनशास्त्राचं, १९६२चं शांततेचं. व्हिटॅमिनसाठी एकही नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं कॅन्सरच्या रुग्णांवर त्याच्या म्हणण्याची दोनदा परीक्षा केली, निकाल १९७९ आणि १९८५ मध्ये छापले, दोन्ही वेळा फायदा दिसला नाही. हे सगळं मला दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या मोबाइलवर सापडलं. त्या दिवशीही मोबाइल खिशातच होता.

हिशोब लिहून ठेवतो. शिबिराचे दोघांचे १९८. माझं किट महिन्याला ६,४८०, तीन महिन्यांचे १९,४४०. बायकोचं एकच किट ५,९४०, तिनं पुढं घ्यायला साफ नकार दिला. आणि ‘आयडी’, म्हणजे कंपनीचा विक्रेता व्हायचं खातं, उघडायला १४,५०० चा माल. होय, मी आयडीही उघडली. लोभ नव्हता म्हणणार नाही, पण त्या वर्षी केळीचा भाव कुठं होता ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा.

किटमधल्या एका बाटलीत ३० कॅप्सूल होत्या, प्रत्येकी ६०,००० युनिट व्हिटॅमिन डी. गुरुजींनी वहीचं पान फाडून तक्ता करून दिला, त्यात ‘रोज १’. मी विचारलं, जास्त तर होणार नाही ना? ते म्हणाले, ‘जादा झालं तर लघवीवाटे निघून जातं, टायवाल्या सरांनी सांगितलंय.’ ९ फेब्रुवारीला सुरू केलं.

मार्चअखेर तोंडाची चव गेली. एप्रिलमध्ये इतकी तहान, की माठ दुपारपर्यंत रिकामा. रात्री पाच-पाच वेळा उठायचो. बद्धकोष्ठ, मळमळ. समोर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी असून मी ताट सारलं, तेव्हा आई म्हणाली, ‘याले काहीतरी व्हयनं.’ पण आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळिसाला टेकला की तहान कुणाला लागत नाही? मला वाटलं ऊन, मग वाटलं शुगर. गुरुजींना फोन केला तर म्हणाले, विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे. हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याच्या ओट्यावरून त्याच क्षणी उठा.

५ मे रोजी बागेत ठिबकची नळी जोडता जोडता बसलो तो उठताच येईना. पोरगा म्हणतो, मी त्याला त्याच्या काकाच्या नावानं हाक मारत होतो. दवाखान्यात रक्त तपासलं. कॅल्शियम १३.४, जे साडेदहाच्या आसपास थांबायला हवं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.१, तेही वाढलेलं. व्हिटॅमिन डीचा आकडा लॅबला देताच आला नाही, ‘१५० पेक्षा जास्त’ एवढंच छापलं. चार दिवस सलाईन. मूत्रपिंड वाचलं, पण डी चरबीत साठतं म्हणून पुढं कितीतरी महिने कॅल्शियम तपासत राहावं लागलं, दूध-दही बंद.

डॉक्टर तरुण होते, पण गुरुजींपेक्षा बरं गणित शिकवलं. आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट डी धरलंय. मी ८६ दिवसांत ५१ लाख ६० हजार घेतले. भागाकार तुम्हीच करा, ८,६०० दिवसांचा माल. ६०,०००ची गोळी डॉक्टरही देतात, पण कमतरता रक्तात दिसली तर, आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, मग थांबतात. उन्हात राबणाऱ्यालाही डी कमी असू शकतं, पण ते रक्तात मोजायचं असतं, दांडीत नाही. लघवीवाटे निघून जातं ते बी आणि सीचं, आणि तेही बिनधोक नाही. सी फार झालं तर मुतखडा होऊ शकतो. बी सिक्सचे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर हातपाय बधिर होतात, आणि विकतात मात्र मुंग्यांवरचा उपाय म्हणून. ए, डी, ई, के साठतात.

मोठा डोस म्हणजे विषच, असंही नाही. अंगणवाडीत लेकरांना दर सहा महिन्यांनी व्हिटॅमिन एचे दोन-दोन लाख युनिट पाजतात, पण कार्डावर तारीख टाकून. तेच ए पोटुशा बाईनं भरमसाट घेतलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. तिला फॉलिक अ‍ॅसिड मात्र चुकवू नये. बायकोचं रक्त तपासलं तर बी ट्वेल्व खरंच कमी निघालं, आमचं माळकरी घर, चार पिढ्या शाकाहारी. मशीनचा दगड लागला म्हणायचा. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सगळी मिळून तिच्या किटच्या दहाव्या हिश्शातही बसली नाहीत.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी एक ऐका. गुरुजींच्या भावाला ‘फुप्फुस साफ’ करायला बीटा-कॅरोटीनच्या (शरीरात त्याचं व्हिटॅमिन ए बनतं) गोळ्या दिल्या होत्या. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्यांवर त्याची चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. भाऊंना मीच फोन करून बंद करायला लावलं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइड तपासायच्या आधी डॉक्टरांना सांगा, आकडे चुकतात.

आता सरकारचं ऐका. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, ‘तुम्हीच गिळल्या ना? कुणी तोंडात कोंबल्या का?’ पैसे गुरुजींच्या खात्यावर, पावती कच्ची, म्हणजे तक्रार गुरुजींवर. ‘करायची का?’ मी गप्प. मग जिल्ह्याच्या अन्न व औषध कार्यालयात गेलो. अन्नवाले साहेब म्हणाले, ६०,०००ची गोळी म्हणजे औषध, पलीकडच्या खोलीत जा. पलीकडचे बाटली फिरवून म्हणाले, यावर १४ आकडी अन्न परवाना छापलाय, ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही लिहिलंय, अलीकडच्या खोलीत जा. दोन खोल्यांमध्ये एक भिंत आणि एक पंखा, त्यासाठी माझ्या चार खेपा, एका खेपेला साहेब ट्रेनिंगला, एका खेपेला सर्व्हर बंद. शेवटी नमुना घ्यायला सीलबंद बाटली आणा म्हणाले. माळ्यावरच्या मालातली नेली, तर ‘ही तुम्ही विकायला ठेवलेली, म्हणजे तुम्हीच विक्रेते.’ आयडी माझ्या नावावर ना! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीचा नंबर मिळाला, कंपनीनं उत्तर दिलं की लेबलवर ‘आठवड्यातून एक’ लिहिलंय. बघितलं, खरंच लिहिलंय, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढं. तक्रार बंद.

लेबल भिंगानं वाचा. तक्ता हातानं लिहिलेला असेल तर फोटो काढून ठेवा, माझ्याकडं तेवढाच पुरावा उरलाय. पैसे माणसाच्या खात्यावर टाकू नका, पक्कं बिल मागा, देत नसेल तर उठा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, त्यामुळं तिथं अर्ज टाकलाय. कंपनीविरुद्ध. गुरुजींचं नाव वकिलानं घालायला सांगितलं होतं, मी घातलं नाही.

बोरॉनचं खत जास्त पडलं की केळीच्या पानाच्या कडा जळतात, हे मी शेजाऱ्यांना बांधावर उभा राहून सांगत आलोय.

गुरुजींच्या खाटेखाली अजून ४२ हजारांचा माल आहे. परवा त्यांचा फोन आला, ‘बापू, अर्ध्या किमतीत काढायचा आहे, कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ.’ स्वतःची बाटली त्यांनी बंद केली आहे का, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते गिऱ्हाइकाचंच बोलत राहिले.