लेसोथो की एस्वातिनी? जोहान्सबर्गवरून एकच करायचं असेल तर

कामानिमित्त जोहान्सबर्गला आलात, तीन-चार दिवस मोकळे आहेत आणि दक्षिण आफ्रिकेला लागून असलेल्या या दोन छोट्या देशांपैकी (एस्वातिनी म्हणजे आधीचा स्वाझीलँड) एकच जमणार असेल तर वाचा. दोन्हीकडे राजा, दोन्हीकडे दक्षिण आफ्रिकेचं चलन रँड सर्रास चालतं, दोघंही आधी ब्रिटिशांच्या ताब्यात आणि १९६६, १९६८ ला स्वतंत्र झालेले, त्यामुळे कागदावर सारखेच वाटतात, पण आत गेलं की कळतं फरक केवढा आहे ते.

माझं मत आधीच सांगते, किल्ले हिंडायची आवड असेल तर डोळे झाकून लेसोथो. राजधानी मासेरूच्या जवळ थाबा बोसिऊ नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे, मोश्वेश्वे पहिला याने १८२४ ला तिथे बस्तान बसवलं. आजूबाजूला लढाया, पळापळ, दुष्काळ, आणि हा माणूस येईल त्या निर्वासितांना आसरा देत गेला, गाई सांभाळायला दिल्या, त्यातूनच बासोथो लोक एक झाले. डच वंशाच्या बोअर लोकांनी १८६५ ला चढाई केली, त्यांचा सेनापती तिथेच मेला, डोंगर काही पडला नाही. सुपीक जमीन मात्र बरीच गेली, म्हणून १८६८ ला मोश्वेश्वेने स्वतःच ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं.

अख्खा देश उंचावर, सगळ्यात खालची जागासुद्धा १४०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा वर. जून ते ऑगस्ट कडाक्याची थंडी, बर्फही पडतो, घोड्यावर बसलेला गुराखी ब्लँकेट पांघरून समोरून येतो. कात्से धरण १८५ मीटर उंच, तिथलं पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गकडे जातं आणि लेसोथोला त्याचे पैसे मिळतात.

एस्वातिनी छोटा, रस्ते सोपे, प्राणी बघायचे असतील आणि सोबत मुलं असतील तर हाच बरा. ह्लाने पार्कात सिंह, हत्ती, गेंडे आहेत, पण तो पूर्वेचा सखल उष्ण भाग, मलेरियाचं डॉक्टरांना विचारून जा (लेसोथोत ही कटकट नाही).

राज्यकारभारात तर दोन टोकं. लेसोथोचा राजा लेत्सिए तिसरा नुसता मानाचा, सरकारं युतीची आणि सारखी पडणारी. २०२२ ला सॅम मातेकाने या उद्योगपतीने मार्चमध्ये पक्ष काढला आणि ऑक्टोबरात पंतप्रधान झाला पण! एस्वातिनीत मस्वाती तिसरा १९८६ पासून राजा, पंतप्रधान तोच नेमतो. त्याच्या वडिलांनी, सोभुझांनी, १९७३ ला पक्षांवर बंदी घातली, आजही निवडणूक व्यक्ती म्हणूनच लढवायची. २०२१ ला लोकशाहीसाठी आंदोलन पेटलं, गोळीबारात कितीतरी माणसं गेली. फिरायला गेलेल्याला यातलं काही दिसत नाही, तरी राजावर चारचौघांत कमेंट नकोच.

आणि हो, कुठलाही निवडा, दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते आधी बघा, परत तिथेच यायचंय. सानी पास या घाटाने लेसोथोत चढणार असाल तर फोर बाय फोर गाडीच लागते, साधी कार सीमेवरच अडवतात.