नवीन ईसीएमच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) नावाखाली ३८ हजार घेतले, बिघाड निघाला एका वायरमध्ये

चेक लाइट लागलाय आणि मेकॅनिक स्कॅनर लावून "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल" म्हणतोय, तर पैसे काढायच्या आधी हे वाचा. माझे जवळजवळ पन्नास हजार असेच गेलेत आणि त्यातले ३८ हजार म्हणजे सरळसरळ चोरी आहे, दुसरा शब्द नाही त्याला.

गाडी २०१६ ची डिझेल, कॉमन रेलवाली (डिझेल आधी एका कॉमन पाइपमध्ये, म्हणजे रेलमध्ये, दाबाखाली असतं). साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात झटके द्यायला लागली, पिकअप मेला, लाइट लागला. बंद करून परत स्टार्ट मारली की ठीक, मग एखादा खड्डा आला की पुन्हा तेच. हायवेजवळच्या एका गॅरेजला नेली, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. स्कॅनरवर तीन कोड एकदम आले. पी०१९२ म्हणजे रेल प्रेशर सेन्सरचं सर्किट लो (व्होल्टेज कमी), पी०२३७ म्हणजे टर्बोच्या बूस्ट सेन्सरचं (हवेचा दाब मोजणाऱ्या) सर्किट लो, आणि पी०६४२ म्हणजे सेन्सरना चालायला ईसीएमकडून जाणारा ठरलेला व्होल्टेज, म्हणजे रेफरन्स व्होल्टेजच लो. खरा बिघाड तो तिसरा कोड सांगत होता आणि नेमका तोच त्याने मला वाचून दाखवला नाही. स्क्रीनचा फोटो मी काढला होता म्हणून आज बोलता येतंय.

आधी रेल प्रेशर सेन्सर बदलला, ६,५००. थोडे दिवस गाडी मस्त चालली, परत तेच. मग टर्बोचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), ४,८००. परत तेच. मग म्हणे "साहेब ईसीएमच उडालाय, पाणी गेलंय आत, नवीन टाकल्याशिवाय गत्यंतर नाही". ३८ हजार, तेही कच्च्या बिलावर, आणि वर "ब्रँड न्यू आहे, बिनधास्त राहा".

दर वेळी काही दिवस गाडी बरी का चालायची ते नीट समजून घ्या, कारण माणूस फसतो तो इथेच. पार्ट बदलताना वायरिंग हलते, शॉर्ट झालेली वायर तेवढ्यापुरती सुटते, कोड क्लिअर करून दिला की आपल्याला वाटतं पार्टच खराब होता.

शेवटी कराडला एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. काकांनी कोडचा फोटो बघितला आणि म्हणाले, "तीन एकदम आलेत ना, मग सेन्सर सोडा, पाच व्होल्टची लाइन बघू." असल्या सेन्सरला तीन वायरी मेन असतात, एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची, आणि ती ५ व्होल्टची लाइन बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेन्सरना मिळून असते, एका ठिकाणी बॉडीला टेकली की सगळेच सेन्सर खोटं बोलायला लागतात. काकांनी इग्निशन ऑन ठेवून सेन्सरचं सॉकेट काढलं, मल्टिमीटर लावला, बरोबर ५. मग हाताने वायरिंग हळूहळू हलवत गेले आणि एका जागी आकडा धाडकन शून्याजवळ आला. त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढले, काढल्यावर ५ परत आले असते तर तो सेन्सर शॉर्ट, पण एकानेही फरक पडला नाही. म्हणजे वायर नाहीतर ईसीएम. तेव्हा बॅटरी काढून ईसीएमचं सॉकेट सोडवलं, वायर ते बॉडी कंटिन्युइटी लावली (वायर कुठे बॉडीला टेकली असेल तर मीटर वाजतो), वायरिंग हलवली की मीटर बीप. ईसीएम सर्किटमध्येच नाही तरी शॉर्ट दिसतोय, मग दोष ईसीएमचा कसा?

टेप सोलल्यावर दिसलं. एक क्लिप तुटलेली, वायरिंग लोंबून ब्रॅकेटच्या धारेवर घासत होती, इन्सुलेशन फाटून तांब्याच्या दोन-तीन तारा बाहेर, हिरव्या पडलेल्या. नवीन तुकडा टाकून सोल्डर, स्लीव्ह, नवी क्लिप. १,२०० रुपये. त्यानंतर लाइट नाही.

माझा जुना सोलेनॉइड डिकीत होता तोही काकांनी तपासला. कॉइल १५ ओहमच्या आसपास, बारा व्होल्ट दिले की टक् आवाज. ठणठणीत पार्ट.

आणि ईसीएम? सॉकेट सोडवताना बघितलं तर बोल्टवर वर्षानुवर्षांची धूळ जमून घट्ट झालेली, पाना लागल्याची खूण नाही, स्टिकरवर २०१६ ची तारीख. नवीन ईसीएमला इमोबिलायझरसाठी (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी सिस्टीम) चाव्या मॅच कराव्या लागतात किंवा जुन्याचा डेटा क्लोन करावा लागतो. मला दुसरी चावी कुणी मागितली नव्हती, आणि क्लोन करायला तरी जुना बाहेर काढावा लागतोच की! मी त्या गॅरेजला विचारायला गेलो तर "तुम्हीच बदलून आणला असेल" असं तोंडावर सांगितलं, भयंकर संताप आला.

कच्चं बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट, कोडचा आणि स्टिकरचा फोटो, काकांचं लेखी म्हणणं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटनेपासून २ वर्षांच्या आत करावी लागते, १९१५ वर फोन केला तर माहिती मिळते. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय आणि जीएसटीचं पक्कं बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि कोड क्लिअर करायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढाच.

तुमच्यापैकी कुणी "ईसीएम बदलला" म्हणून पैसे भरले असतील तर आजच बॉनेट उघडून त्याचे बोल्ट आणि स्टिकरची तारीख बघा, काही वेगळं दिसलं तर आधी फोटो काढा, मगच गॅरेजला फोन करा.