इस्ट्रोजेन जेल : सात महिने, सात ट्यूबा आणि एक कात्री

काल सातवी ट्यूब संपली म्हणून कात्रीनं कापून बघितली, तर आत आणखी तीन दिवसांचं जेल निघालं. म्हणजे आधीच्या सहा ट्यूबांत मिळून अठरा दिवसांचा माल मी कचऱ्यात घातला! सोलकढीसाठी खोबरं तिसऱ्यांदा पिळणारी बाई मी. रात्री डोळा लागला नाही.

पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. गुहागरात घाम नवा नाही, पण डिसेंबरात पहाटे माझा पंखा पाचवर आणि हे शेजारी गोधडीत गुरगुटून, असं चाललं होतं. चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी मॅमोग्राफी वगैरे करून जेल दिलं. इस्ट्रोजेन म्हणजे पाळी गेल्यावर अंगात कमी होणारं बाईचं हार्मोन; गोळीतलं इस्ट्रोजेन लिव्हरमधून जातं आणि रक्तात गुठळीचा धोका वाढवतं, कातडीतून गेलेल्याचं तसं दिसलेलं नाही, म्हणाल्या. रोज अडीच ग्रॅम, त्यात दीड मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल, म्हणजे जेलमधलं इस्ट्रोजेन. ८० ग्रॅमची ट्यूब हिशोबानं ३२ दिवस पुरायला हवी, मला २९च पुरायची. कंपनी कमी भरते असं मी गावभर सांगत फिरले. ते शब्द परत घेते.

गुण? तिसऱ्या आठवड्यात झळा निम्म्या, दुसऱ्या महिन्यात जवळजवळ बंद. गुडघे आणि केसगळती मात्र होती तिथंच.

खरी कटकट वाळण्याची. जेल स्पिरिटातलं, लगेच उडायला हवं. पण ज्या घरात जुलैत मिठाला पाणी सुटतं, तिथं काय वाळणार? लाईट गेलेली, मी दोन्ही दंड पसरून बुजगावण्यासारखी उभी, आणि नात मिठी मारायला धावत येतेय. ओल्या जेलला पोरांचा हात लागला तर हार्मोन त्यांच्या अंगात जातं. शिवाय तासभर धुवायचं नाही, म्हणजे मासळीवाली दारात आली तरी मी आपली उभीच. आता नात निजल्यावर लावते, वर लांब बाह्यांचा गाऊन.

काटकसरीत एक गाढवपणाही केला. झळा जेलनं गेल्या, मग सोबत दिलेली, प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची रात्रीची कॅप्सूल कशाला, म्हणून महिनाभर बंद ठेवली. डाग दिसले. सोनोग्राफी झाली आणि बोलणी खाल्ली ती वेगळी. "काकू, गर्भाशय आहे ना तुम्हाला? नुसत्या इस्ट्रोजेननं आतलं अस्तर जाड होतं, कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं." वाचले त्याच्या चौपट गेले. रिपोर्ट बरा आला. आता कॅप्सूल नेमानं घेते, झोपही तिच्यामुळेच लागते.

पुण्याच्या वन्संनी फोनवर या हार्मोन्सवरच्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासाची भीती घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यातल्या बायांचं सरासरी वय ६३, औषधं गोळीतली, दोन्ही हार्मोन्स घेणाऱ्यांत दरवर्षी १०,००० मागे स्तनाच्या कॅन्सरच्या आठेक केसेस जास्त. मी ५२ ची. धोका शून्य नाही म्हणून मॅमोग्राफी चालू ठेवायची.

आठवी ट्यूब काल आणली. शेपटीकडून लाटण्यानं लाटत आणायचा बेत होता, पण सूनबाई म्हणाली, "आई, पोळ्यांचं लाटणं नको हं." माळ्यावर जुनं आहे का बघते.