कागद, कापड की धातूची जाळी? घरच्या पोअर-ओव्हरसाठी गाळणी निवडताना

घरी पोअर-ओव्हर (गाळणीतल्या दळलेल्या कॉफीवर हातानं गरम पाणी ओतून केलेली कॉफी) करणारा माणूस बियांचा विचार करतो, किटलीचा करतो, ग्राइंडरचा तर करतोच. गाळणी मात्र ड्रिपरसोबत, म्हणजे ती ज्यात बसते त्या नरसाळ्यासोबत, जी आली तीच पुढे वर्षानुवर्षं चालत राहते. माझ्याकडेही तसंच चाललं होतं. मग एका सकाळी एकाच पिशवीतल्या बिया तीन प्रकारे गाळल्या: कागदातून, फ्लॅनेलच्या कापडातून आणि स्टीलच्या जाळीतून. तिन्ही वेळा १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी आणि दळण अगदी एकसारखं. कागदातलं पाणी उतरायला जवळजवळ ३ मिनिटं लागली, जाळीतलं २ मिनिटांच्या आत खाली. जाळीचा कप गढूळही झाला आणि आंबटही, म्हणून मी ती जाळी कपाटात टाकून दिली.

तो निकाल चुकीचा होता, आणि गाळण्यांची तुलना करताना बहुतेकांची हीच चूक होते. पाणी किती वेगानं उतरेल हे गाळणीवर ठरतं. वेग बदलला की कॉफी पाण्यात किती मुरते तेही बदलतं. तेव्हा दळण तेच ठेवून तीन गाळण्या शेजारी ठेवल्या तर त्यातल्या एकीलाच ते दळण मानवतं, बाकीच्या दोघींवर अन्याय होतो. नंतर प्रत्येकीसाठी दळण आणि ओतण्याची पद्धत वेगळी बसवली, तेव्हा कुठे खरा फरक कळला. खालचं सगळं त्या दुसऱ्या फेरीनंतरचं आहे.

कोण काय अडवतं

कॉफीच्या बीमध्ये तेल असतं. अरेबिकात साधारण १५ टक्के. गरम पाण्याबरोबर या तेलाचे बारीक थेंब आणि दळताना तयार झालेली पिठासारखी भुकटी खाली येऊ पाहते. कागद दोन्ही अडवतो. जाळी दोन्ही बऱ्यापैकी सोडते. कापड भुकटी अडवतं, पण तेलाचा काही भाग जाऊ देतं.

कपात याचा अर्थ असा: तेलामुळे कॉफी जिभेवर भरीव लागते, पण फळांसारखा आंबटपणा किंवा फुलांचा वास त्या भरीवपणाखाली दबतो. भुकटी तर कपात उतरल्यावरही मुरतच राहते, म्हणून जाळीच्या कॉफीचा शेवटचा घोट पहिल्यापेक्षा कडू लागतो आणि तळाशी गाळ बसतो. हलक्या भाजणीच्या, सुवासिक बिया आणल्या असतील तर त्यांचं कौतुक कागदातच होतं. मध्यम ते गडद भाजणीच्या, चॉकलेटकडे झुकणाऱ्या बिया कापडात किंवा जाळीत जास्त खुलतात, असं माझं मत आहे.

तब्येतीचा मुद्दा इथेच सांगतो, कारण काहींचा निर्णय त्यावरच होईल. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काह्विऑल नावाचे दोन पदार्थ असतात आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवतात. कागद त्यांचा बहुतेक सगळा भाग अडवून ठेवतो. धातूची जाळी तसं करत नाही. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल आणि दिवसाला तीन-चार कप होत असतील, तर कागद घ्या. अधूनमधून एखादा कप जाळीचा घेणाऱ्याला एवढी चिंता नको.

कागद

१९०८ साली ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं पितळी भांड्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडली आणि त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला. कपातला चोथा आणि कडवटपणा तिला नको होता. कागदी गाळणी आजही मुख्यतः हेच काम करते, पण कागद-कागदात बराच फरक आहे.

पहिला फरक जाडीचा. रसायनशास्त्रज्ञ पीटर श्लुम्बोम यांनी १९४१ साली प्रयोगशाळेतलं नरसाळं आणि चंबू एकत्र करून केमेक्स तयार केलं. त्याचा कागद नेहमीच्या कागदापेक्षा बराच जाड असतो. त्यातली कॉफी इतकी स्वच्छ येते की काहींना ती पाणचट वाटते. मला ती आवडते, पण चार जणांसाठी करायची असेल तेव्हाच. १५ ग्रॅमची एकट्याची कॉफी केमेक्समध्ये नीट होत नाही. एवढ्याशा कॉफीचा थर फार पातळ बसतो. ३० ग्रॅम कॉफी आणि ५०० ग्रॅम पाणी घेतलं, दळण भरड ठेवलं की चार ते पाच मिनिटांत उतरते. एक गोष्ट विसरू नका: कागदाची तीन पदरी बाजू चोचीकडे ठेवायची. एकपदरी बाजू तिकडे गेली तर ओला कागद चोचीच्या खाचेत चिकटतो, खालची हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पाणी वरच तुंबतं.

दुसरा फरक धाग्यांचा. काही कागदांत अबाकाचे धागे मिसळलेले असतात. अबाका ही केळीच्या कुळातली वनस्पती. तिचे धागे लांब आणि चिवट असतात, त्यामुळे कागद पातळ असूनही फाटत नाही आणि पाणी सहज वाहतं. तुमचा ग्राइंडर भुकटी जास्त पाडत असेल आणि कॉफी शेवटी शेवटी तुंबत असेल, तर नवा ग्राइंडर घेण्याआधी असा कागद वापरून बघा.

तपकिरी की पांढरा? पांढरा घ्या. आजकाल कागद बहुधा ऑक्सिजनच्या प्रक्रियेनं पांढरा केला जातो आणि त्याची चव कपात उतरत नाही. तपकिरी कागदाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास असतो आणि तो जायला भरपूर गरम पाणी लागतं. शंका असेल तर रिकाम्या कागदातून गरम पाणी गाळा आणि ते पाणीच पिऊन बघा.

कागद कोणताही असो, कॉफी घालण्याआधी गरम पाण्यानं धुवायचा. वास जातो, कागद ड्रिपरला नीट बसतो आणि भांडंही तापतं. ते पाणी ओतून द्यायला मात्र विसरू नका. मी घाईत ते दोनदा विसरलोय.

कापड

दादऱ्यातून गाळलेल्या पदार्थाचा मऊपणा ज्यांनी चाखलाय त्यांना फ्लॅनेलची कॉफी लगेच ओळखीची वाटेल. गाळ जवळजवळ नाही, पण कागदातल्यासारखी कोरडी स्वच्छताही नाही. जीभ हळूहळू भरत जाते. तिन्हींत चवीला मला हीच सगळ्यात जास्त आवडते. तरीही दहातल्या आठ जणांना मी कापड घ्या असं सांगणार नाही. त्याचं कारण निगा.

नवं कापड आधी पाण्यात उकळून त्याची खळ काढावी लागते. त्यानंतर ते कधीही वाळू द्यायचं नाही. वाळलं की धाग्यांत मुरलेलं तेल हवेनं खवट होतं आणि तो खवटपणा पुढच्या प्रत्येक कपात येतो. वापरून झालं की चोथा झटकायचा, वाहत्या गरम पाण्याखाली चोळून धुवायचं, साबण लावायचा नाही, आणि स्वच्छ पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचं. पाणी रोज बदलायचं. चार दिवस बाहेरगावी गेलात तर परत आल्यावर आधी वास घ्या. कुबट वास आला तर उकळा, तरीही राहिला तर टाकून द्या. रोज कॉफी करणाऱ्याच्या हाती हे आपोआप बसतं. फक्त शनिवार-रविवारी करणाऱ्यानं या भानगडीत पडू नये.

जाळी

जाळीचा मोठा गुण म्हणजे कागद संपला म्हणून कॉफी अडत नाही. कचराही होत नाही, जरी कागद चोथ्यासकट खतात घालता येतो हे खरं. पण “एकदा घ्या आणि विसरा” म्हणून जी विकली जाते ती गोष्ट खरी नाही. तेल जाळीच्या छिद्रांतही बसतं. रोज नुसतं पाण्याखाली धरून ठेवून दिलं तर काही आठवड्यांत वेग मंदावतो. अधूनमधून गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून तासभर भिजवायची आणि मऊ ब्रशनं घासायची. उजेडासमोर धरली की कुठली छिद्रं बंद आहेत ते दिसतं.

जाळीची खरी अडचण दळणात आहे. पाणी भराभर उतरतं म्हणून दळण बारीक करावंसं वाटतं, आणि बारीक केलं की भुकटी वाढून कप गढूळ होतो. मी शेवटी दळण मध्यमच ठेवलं आणि वेग हातानं कमी केला: पाणी सहा-सात छोट्या हप्त्यांत, मधोमध, बारीक धारेनं. कडेनं ओतलं तर पाणी कॉफीला न भेटताच जाळीच्या बाजूंतून निसटतं. कप भरल्यावर दोन मिनिटं थांबायचं, गाळ बसू द्यायचा आणि तळाचा घोट सोडून द्यायचा. पहिल्या दिवशी नावडलेली जाळी अशा तऱ्हेनं माझ्या दुपारच्या कपात परत आली.

ओतताना

तिन्हींना लागू पडणारं थोडक्यात सांगतो. १ ग्रॅम कॉफीला १६ ग्रॅम पाणी, इथून सुरुवात करा. हलक्या भाजणीला पाणी जवळजवळ उकळतं, ९५ अंशांच्या आसपास. गडद भाजणीला ८८ ते ९० पुरे. आधी कॉफीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचं पाणी घालून ३० ते ४५ सेकंद थांबायचं, म्हणजे आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ताज्या बिया इथे फुगून वर येतात; फुगल्या नाहीत तर त्या बहुधा शिळ्या आहेत.

कप आंबट आणि पोकळ लागला तर दळण एक पायरी बारीक, कडू आणि तुरट लागला तर एक पायरी भरड. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणीही बघा: आरओचं फार मऊ पाणी वापरलं की कॉफी सपाट लागते आणि दोष मात्र गाळणीला दिला जातो.

ड्रिपरचा आकारही आड येतो. व्ही-६० या शंकूसारख्या ड्रिपरचा कोन ६० अंशांचा, खाली एकच मोठं भोक. वेग पूर्णपणे तुमच्या हातावर आणि दळणावर. हात चांगला असेल तर कप अप्रतिम, नसेल तर रोज वेगळा. कलिता वेव्ह या दुसऱ्या ड्रिपरचा तळ सपाट, भोकं तीन आणि लहान, त्यामुळे ओतण्यातली चूक बरीच झाकली जाते. त्याच्या चुणीदार कागदावर मोठी धार धरली तर चुण्या मात्र कोलमडतात. नुकती सुरुवात करणाऱ्याला मी सपाट तळाचा ड्रिपर आणि पांढरा कागदच सुचवीन.

त्याच्यावर महिनाभर कॉफी करा. कप स्वच्छ असूनही काहीतरी कमी पडतंय, जीभ भरत नाहीये असं वाटलं, तर रोज करणाऱ्यानं कापडाकडे जावं. ज्याला निगा जमणार नाही पण भरीवपणा हवाय, त्यानं जाळी घ्यावी, पण आधी आपल्या ग्राइंडरची परीक्षा घ्यावी: थोडी कॉफी दळून पांढऱ्या कागदावर पसरा आणि बोटानं चिमटीत धरा. बोटाला मैद्यासारखं पीठ खूप चिकटलं तर त्या ग्राइंडरबरोबर जाळी चालणार नाही. तुमच्यासाठी अबाकाचा कागदच बरा.