घरपोच समुद्री खेकडे : ताजेपणा उत्तम, निवड कच्ची

गेल्या आठवड्यात घरपोच मासळी देणाऱ्या एका सेवेकडून मी 1 किलो समुद्री खेकडे मागवले. पाठीवर पांढऱ्या कडांचे तीन गडद ठिपके असलेली ही जात आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळते. खाडीच्या चिंबोरीसारखी ती बांधून जिवंत ठेवता येत नाही, जाळ्यातून काढल्यावर लवकर मरते आणि मेल्यावर तिचे मांस झपाट्याने बिघडते. त्यामुळे बर्फातली बांधणी हीच खरी कसोटी होती आणि तीत ही सेवा पूर्ण उतरली. सहाही खेकडे थंडगार होते, वास फक्त समुद्राचा होता आणि एकही नांगी गळालेली नव्हती.

निवडीत मात्र हयगय झाली. दोन खेकडे पोकळ निघाले. खेकड्याचे कवच वाढत नाही. जुने टाकल्यावर तो पाणी शोषून फुगतो आणि नव्या, मोठ्या कवचात मांस भरायला बराच काळ जातो. असा खेकडा खालच्या बाजूने अंगठ्याने दाबला की ओल्या पुठ्ठ्यासारखा दबतो आणि आकाराच्या मानाने हाताला हलका लागतो. बाजारातली कोळीण ही परीक्षा आपल्यादेखत करून देते. घरपोच सेवेने ती आपल्या वतीने करायला हवी.

त्याहून अधिक खटकली ती एक मादी. तिच्या पोटाची रुंद, गोलसर झडप उचलली, तर खाली करड्या-काळ्या अंड्यांचा गच्च गोळा होता. लाख आपण आवडीने खातो, पण लाख म्हणजे कवचाच्या आतले नारिंगी अंडाशय. ही बाहेर आलेली अंडी वेगळी. आपल्या बाजारातली कोलंबी अंडी थेट पाण्यात सोडते, खेकड्याची मादी मात्र ती फुटेपर्यंत पोटाखाली वागवते. आधी नारिंगी असलेला गोळा आतल्या पिल्लांचे डोळे तयार होऊ लागले की काळवंडतो, म्हणजे ही लाखो अंडी थोड्याच दिवसांत समुद्रात फुटायची होती. ते पाहून मला मनापासून वाईट वाटले.

तक्रार केल्यावर पोकळ खेकड्यांचे पैसे त्याच दिवशी परत मिळाले. मादीबद्दल विचारले, तेव्हा काही गिऱ्हाइके अशीच मागतात, असे उत्तर आले. उरलेल्या तीन खेकड्यांचे मांस गोड आणि भरगच्च होते, आणि बारीक पाय वाटून गाळलेल्या पाण्याने रश्श्याला दाटपणाही छान आला. पुढच्या मागणीत मी ‘अंड्यांची मादी नको’ असे स्पष्ट लिहिणार आहे; ते पाळले गेले, तरच या सेवेकडे पुन्हा वळेन.